पैसे कुणाला गेले, एवढं तरी कळू दे

करंट खात्याच्या स्टेटमेंटमधे एखादी अनोळखी रक्कम दिसली की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो तो "कुणी काढले?" कशाचे गेले हे नंतर. मी सोलापुरात साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी या भागातल्या लहान युनिटांचे हिशेब लिहिते, टॉवेलवाले, चादरवाले आणि हल्ली युनिफॉर्म शिवणारे बरेच. या लोकांच्या घरात अन् कारखान्यात फार अंतर नसतं, वर राहायचं खाली मशिनी, त्यामुळे पैशाचा संशय आला की तो बाहेरच्या माणसाकडे जायच्या आधी घरातल्याच कुणावर तरी जाऊन बसतो. आणि घरातल्यातही जो कॉम्प्युटरवर बसतो त्याच्यावर आधी.

एका युनिफॉर्मवाल्या अण्णांकडे हेच झालं. मी महिन्याचं स्टेटमेंट टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, लावत होते आणि मधेच एक एंट्री, ३,५३८ रुपये ८२ पैसे. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक रांग, मधे आकडे, शेवटी एका कंपनीच्या नावाचं अर्धं शेपूट, बाकी जागा संपल्यामुळे कापलेलं. मी अण्णांना विचारलं हे कशाचं, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि आत हाक मारली, भाचीला. ही पोरगी बी.कॉम. करतीय, दिवाळीपासून त्यांच्याकडे बिलं, माल पाठवतानाचं ई-वे बिल, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरचं अपलोडिंग सगळं तीच बघते. "कुठं कुठं ओटीपी देऊन बसलीस गं?" एवढंच म्हणाले अण्णा, रागावून पण नाही. पण शिवणकामाच्या चार बायका तिथं बसल्या होत्या आणि मशिनीचा आवाज थांबला होता.

पोरगी काही बोलली नाही. तिने स्वतःचा मोबाईल काढला, यूपीआयची हिस्ट्री उघडली आणि मामाच्या पुढं धरली. रिचार्ज, बसचं तिकीट, मैत्रिणीला पाठवलेले साठ रुपये, परत रिचार्ज. तिला कुणी तिच्या खात्याचं विचारलंच नव्हतं, प्रश्न फर्मच्या खात्याचा होता, तरी तिला ते दाखवावंसं वाटलं. मला हे बघवलं नाही. साडेतीन हजार ही त्या फर्मला बुडवणारी रक्कम नाही, पण एका न कळणाऱ्या नावामुळं एका पोरीला चार लोकांत स्वतःचा खर्च उघडून दाखवावा लागतो, हे नुकसान कुठल्या लेजरला टाकायचं?

म्हणून माझं सगळ्यांना पहिलं सांगणं हेच असतं की आधी नाव शोधा, माणूस नंतर. आणि नाव शोधता येतं, ते अवघड नाही, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

अण्णांच्या रकमेतच पहिला धागा होता. ८२ पैसे. धंद्यातला माणूस आपण होऊन असा भाव लावत नाही, असे पैसे आले की त्यात जीएसटी मिसळलेला असतो असं धरून चालायचं. ३,५३८.८२ ला १.१८ ने भागा, बरोब्बर २,९९९ येतात. म्हणजे ही कुठल्यातरी सेवेची छापील किंमत आहे, त्यावर १८ टक्के कर लागलाय. ९९९, १,४९९, २,९९९, ४,९९९ असे आकडे निघाले की ते बहुतेक वेळा कुठलं तरी सॉफ्टवेअर, वेबसाईट नाहीतर कसलं तरी सबस्क्रिप्शन असतं. चोर असा पैशापर्यंत हिशेब करून जीएसटी लावून पैसे काढत नाही. एवढं कळल्यावरच अण्णांचा आवाज खाली आला.

दुसरा धागा म्हणजे जीएसटीचंच पोर्टल, आणि हे फार लोकांना सुचत नाही. समोरच्या कंपनीला सबस्क्रिप्शन घेताना आपला जीएसटी नंबर दिलेला असेल आणि तिने तिचं रिटर्न वेळेवर भरलं असेल, तर ते बिल आपल्या जीएसटीआर-२बी मधे येऊन पडतं, दर महिन्याच्या १४ तारखेला ते तयार होतं. आपण २बी फक्त इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, किती मिळतंय एवढ्यासाठी उघडतो, पण ती एका अर्थाने आपल्याला कुणी कुणी बिलं फाडली त्याची यादीच आहे. अण्णांची २बी उघडली, सूतवाला, कापडवाला, बटणवाला, ट्रान्स्पोर्टवाला, आणि खाली एक ओळ, करपात्र रक्कम २,९९९, आयजीएसटी ५३९.८२. त्या कंपनीचा जीएसटी नंबर सापडला. सुरुवातीचे दोन आकडे २७ नव्हते, म्हणजे कंपनी महाराष्ट्राबाहेरची, म्हणूनच आयजीएसटी, तो राज्याबाहेरच्या व्यवहाराला लागतो. तो नंबर पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मधे टाकला (लॉगिन पण लागत नाही त्याला) तर दोन नावं आली, एक लीगल नेम, ते स्टेटमेंटमधल्या शेपटाशी जुळलं, आणि एक ट्रेड नेम. ट्रेड नेम वाचल्यावर भाचीच म्हणाली, "मामा, ही ती टेंडरची साईट आहे, रोज सकाळी मेल येतो बघा तिचा."

सगळ्या गोंधळाचं मूळ इथं आहे. साईटचं नाव एक, ज्या कंपनीची ती साईट तिचं नोंदणीचं नाव दुसरं, आणि तिच्यासाठी ऑनलाईन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचं नाव तिसरंच. गिऱ्हाईकाला माहीत असतं पहिलं नाव, बँकेच्या स्टेटमेंटमधे येतं दुसरं नाहीतर तिसरं. अण्णांकडं तर गेल्या वर्षी गेटवेच्या नावाने गेले होते आणि यंदा कंपनीच्या नावाने, वर गेल्या वर्षी नवीन गिऱ्हाईक म्हणून सवलतीचे १,४९९ अधिक कर म्हणजे १,७६८.८२. त्यामुळं तीच रक्कम किंवा तेच नाव मागच्या वर्षी शोधून काही हाताला लागलं नसतं. रक्कम बदलते, नाव बदलतं, तारीख मात्र तीच असते. वार्षिक सबस्क्रिप्शनचा संशय आला की मागच्या वर्षीचा तोच आठवडा काढून बघायचा, मी आता तसंच करते.

या टेंडरच्या साईटी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी खरेदी एका ठिकाणी होत नाही. केंद्राचं सीपीपीपी पोर्टल आहे, राज्याचं महाटेंडर्स आहे, रेल्वेचं आयरेप्स वेगळं, जेम वेगळं, शिवाय कुठल्या महामंडळाची स्वतःची साईट, कुणाची पेपरात जाहिरात. खाजगी साईटी हे सगळं गोळा करतात, 'चादर', 'टॉवेल', 'युनिफॉर्म' असे आपले शब्द घेतात आणि त्यात बसणारी टेंडरं रोज मेलवर पाठवतात. हे काम फुकटचं आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला दहा राज्यांत माल द्यायचाय त्याला रोज इतक्या साईटी उघडायला माणूस ठेवायचा तर साडेतीन हजारात महिना पण निघत नाही. अण्णांना पण एका वसतिगृहाच्या टॉवेलचं टेंडर त्या मेलमधूनच कळलं होतं आणि ते एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचे, येऊन त्यांना मिळालं पण होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तेव्हा साईट खोटी नव्हती, सेवा पण मिळत होती. तक्रार आहे ती पैसे कसे गेले याबद्दल.

आणि ते कसे गेले? गेल्या वर्षी अण्णांचा पुतण्या ऑफिस बघायचा, आता तो पुण्यात नोकरीला आहे. त्याला फोन लावला, त्याला लगेच आठवलं, युनिफॉर्मच्या सीझनमधे घेतलं होतं, फर्मचं डेबिट कार्ड टाकलं होतं आणि ओटीपी अण्णांनाच फोनवर विचारला होता. अण्णा मोकळेपणानं म्हणाले, "मीच सांगितला असणार ओटीपी, माझ्याशिवाय कुणाकडं येतोय तो." पण तो ओटीपी गेल्या वर्षीचे पैसे द्यायला होता एवढंच त्या दोघांना ठाऊक. त्याच ओटीपीनं पुढच्या वर्षी आपोआप पैसे घ्यायची परवानगी, म्हणजे ई-मॅन्डेट, पण नोंदवलं गेलं होतं. पुतण्याकडं अजून तो मेल होता, त्यानं पाठवला, त्यात खाली बारीक अक्षरात ऑटो रिन्युअल लिहिलंय, आणि दुसऱ्या वर्षी 'त्या वेळच्या दराप्रमाणे' असं. लिहिलेलं आहे हे खरं. दिसेल असं लिहिलंय का, तर नाही.

आपल्याकडचे नियम याबाबतीत खरं तर चांगले आहेत आणि ते प्रत्येक दुकानदाराला पाठ पाहिजेत असं मला वाटतं. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून हे लागू केलंय की कार्डावर असं आपोआप कापायचं असेल तर नोंदणीच्या वेळी ओटीपीसारखी खात्री लागते, आणि नंतर प्रत्येक वेळी पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, कुणाला जाणार, किती जाणार, कधी जाणार, आणि तिथंच ते थांबवायची सोय द्यावी लागते. थांबवायला पैसे लागत नाहीत. आधी ही मर्यादा ५ हजार होती, जून २०२२ मधे ती १५ हजार केली, म्हणजे त्याच्या आतली रक्कम दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकते. यूपीआयवरच्या ऑटोपेला पण बहुतेक सेवांना हीच मर्यादा. म्हणून "ओटीपी आलाच नाही तरी पैसे गेले" असं कुणी म्हणालं की लगेच हॅकिंग समजू नका, १५ हजाराच्या आतलं असेल तर आधी जुनं मॅन्डेट आहे का बघा. मॅन्डेट घेताना रक्कम ठराविक ठेवायची का अमुक कमाल रकमेपर्यंत कितीही चालेल असं ठेवायचं हे पण त्यातच ठरतं, आणि कमाल मर्यादा मोठी टाकलेली असली की पुढच्या वर्षी भाव वाढला तरी ते गपचूप त्यात बसतं. अण्णांचं असंच बसलं.

मग २४ तास आधीचा मेसेज कुठं गेला? अण्णा म्हणाले आलाच नाही. मी म्हटलं बँकेत जाऊ. बँकेतल्या मॅडमनी काढून दाखवलं, मेसेज गेलेला होता, तारीख वेळेसकट, पण ज्या नंबरवर गेला तो नंबर फर्मच्या जुन्या सिमचा. ते सिम गल्ल्यातल्या एका की-पॅडच्या फोनमधे आहे, खातं उघडलं तेव्हा तोच नंबर दिला होता, पार्टीचे फोन अजून त्यावर येतात म्हणून चालू ठेवलाय. ओटीपी तेवढा अण्णा त्यातून बघून सांगतात. बाकीचे मेसेज कुणी वाचत नाही. त्यात रिचार्जच्या जाहिराती, कर्जाच्या जाहिराती, आणि या सगळ्यात खरोखर महत्त्वाचा असा एकच मेसेज, की उद्या तुमचे पैसे जाणार आहेत. तो फोन मी हातात घेऊन खाली खाली जात राहिले आणि मेसेज सापडला. नाव त्यात पण तेच, कंपनीचं. म्हणजे अण्णांनी वाचला असता तरी त्यांना टेंडरची साईट आठवली नसती.

नियम पाळला गेला, मेसेज गेला, नाव पण खरंच लिहिलं होतं, आणि तरी ज्याचे पैसे त्याला काहीच कळलं नाही. मला हे पटत नाही. ज्या नावानं तुम्ही मला रोज सकाळी मेल पाठवता, ज्या नावानं जाहिरात करता, त्याच नावानं माझ्या खात्यातून पैसे घ्या, एवढं साधं मागणं आहे. मोठ्या कंपन्यांकडे अकाउंट्सचा माणूस असतो, ते शोधतात. आठ मशिनी असलेल्या माणसाकडं कोण आहे?

आता पैसे परत मागायचं. इथं लोक घाईत एक गोष्ट करतात ती मला सांगायलाच पाहिजे. बँकेत जाऊन फ्रॉड झाला म्हणून लिहून देतात आणि कार्ड ब्लॉक करतात. खरंच फ्रॉड असेल तर ते करायलाच पाहिजे, आणि पळत जाऊन करायला पाहिजे, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा, बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवायचं, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणी केलेल्या चोरीत तेवढ्या वेळात कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. पण इथं ओटीपी आपण दिलेला, गेल्या वर्षी सेवा आपण वापरलेली. हे फ्रॉड आहे असं लिहिणं खोटं आहे, आणि बँक तो ओटीपीचा रेकॉर्ड काढून अर्ज फेटाळणार, मग खरी तक्रार करायला पण जागा राहत नाही. खरी तक्रार काय ती तशीच लिहायची. आम्ही कंपनीला मेल लिहिला, पोरीनंच टाईप केला: अमुक तारखेला नूतनीकरण झालं, दर आधीच्या जवळजवळ दुप्पट, दरवाढ आम्हाला तुमच्या साईटच्या नावानं कळवली नाही, नूतनीकरणानंतर आम्ही सेवा वापरलेली नाही, सबस्क्रिप्शन बंद करा आणि रक्कम परत करा. सोबत बिल नंबर. आणि मॅन्डेट बँकेकडूनही वेगळं रद्द केलं, कारण नुसतं साईटवरचं खातं डिलीट केलं किंवा ॲप काढून टाकलं म्हणजे मॅन्डेट मेलं असं नाही, ते बँकेच्या साईटवर कार्डाच्या मॅन्डेटमधे, नाहीतर यूपीआय ॲपमधे ऑटोपेच्या यादीत जाऊन मारावं लागतं. अण्णांच्या कार्डावर आणखी एक मॅन्डेट निघालं, डिझाईनच्या कसल्यातरी सॉफ्टवेअरचं, ते पण पुतण्याच्याच काळातलं. ते पण काढलं.

कंपनीचं उत्तर आलं, सबस्क्रिप्शन पुढच्या वर्षीपासून बंद केलं आहे, या वर्षीची रक्कम अटींनुसार परत होत नाही. अण्णा म्हणाले सोडा ताई, साडेतीन हजारासाठी कुठं डोकं लावत बसायचं. मी सोडायच्या मताची नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या साईटच्या रचनेवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार सांगितलेत आणि सबस्क्रिप्शनचा सापळा हा त्यातला एक, म्हणजे बंद करायची वाट लपवणं, ती मुद्दाम लांब नाहीतर गोंधळाची करणं, फुकट सेवेसाठी पण कार्डाची परवानगी मागणं. आम्ही त्या साईटवर 'कॅन्सल' कुठं आहे ते शोधलं, भाची अशा गोष्टीत तरबेज आहे तरी तिला सापडलं नाही, शेवटी मदतीच्या पानावर मेल करा असं निघालं. त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागत नाही असं एक जण म्हणाला, पण २०१९ च्या कायद्यातच हे पण लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूंचा वापर हा व्यापारी हेतू धरला जात नाही. अण्णा स्वतः कटिंगला उभे राहतात. पण तिथं शब्द वस्तूंचा आहे, सेवेचा नाही, आणि पगारी बायका पण आहेत, तेव्हा वाद होऊ शकतो हे मला मान्य आहे. तरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवायला काय जातंय. आम्ही नोंदवली.

आणि टेंडरचं काय, ते तर बघायलाच पाहिजे. मी भाचीला घेऊन बसले आणि महाटेंडर्स उघडलं. जाहिरात वाचायला तिथं लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, कॅप्चा टाकून शब्द शोधायचा नाहीतर खात्यानुसार यादी काढायची. सीपीपीपीचं पण तसंच. रजिस्ट्रेशन अन् डिजिटल सिग्नेचरचं डोंगल लागतं ते टेंडर भरायला. अण्णांना माल द्यायचाय तो सोलापूर, धाराशिव, लातूर, फार तर सांगलीपर्यंत, त्यांना देशभरातली टेंडरं मेलवर घेऊन करायचं काय? आठवड्यातनं दोनदा अर्धा तास बसलं तर त्यांच्या कामाचं सगळं दिसतं. शिवाय लहान उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट होते, आणि ती असली की केंद्राच्या खरेदीत छोट्या उत्पादकाला टेंडर फॉर्मचे पैसे आणि अनामत यातून सूट असते, हे अण्णांना माहीत होतं पण सर्टिफिकेट कुठाय ते माहीत नव्हतं. ते पण त्या पुतण्याच्याच मेलमधे निघालं! फर्मचे सगळे कागद एका माणसाच्या खाजगी जीमेलमधे आणि तो माणूस पुण्यात, हे मी किती घरी बघते सांगू. परत सांगते, यात त्या पोराची चूक नाही, त्यानं त्या वेळी जे हाताशी होतं ते वापरलं.

आता फर्मच्या नावानं एक वेगळा मेल आयडी काढलाय, बँकेत अर्ज देऊन मोबाईल नंबर बदलला आणि मेलवर पण अलर्ट लावून घेतला. लेजरच्या वहीत मागच्या पानावर भाचीनं एक तक्ता आखलाय, सेवेचं नाव, स्टेटमेंटमधे येणारं नाव, रक्कम, महिना, कुणी घेतलं, बंद कसं करायचं. सध्या त्यात टॅलीचं रिन्युअल, डिजिटल सिग्नेचर आणि डोमेन एवढंच आहे. मी बाकीच्या पार्ट्यांना पण हा तक्ता करायला लावतेय, मार्चएंडच्या गडबडीत नाही, आत्ताच.

अण्णांनी भाचीला सॉरी वगैरे म्हटलं नाही, त्या वयाची माणसं म्हणत नाहीत. पण त्या बायका परत बसल्या होत्या तेव्हाच त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "त्या पैशाचं कळलं बरं का, मीच ओटीपी दिलेला, हिनं शोधून काढलं." आणि नवीन नंबर बँकेत देताना अलर्टसाठी तिचा मेल टाकू का फर्मचा, असं तिलाच विचारलं. ती म्हणाली फर्मचाच टाका, मी उद्या नसले तर कुणाला कळणार.